वयाची अट आणि उगवणीची चाचणी

भेटेल तो विचारतो, घराचं काम कुठवर आलं आणि नोकरीचं काय झालं? म्हणून आज दोन्ही एकदाच सविस्तर लिहिते.

नव्या जालन्यातला आमचा फ्लॅट इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. इमारत नव्वदच्या दशकातली. गच्चीवरचा कोबा फुटला, पावसाचं पाणी मुरत राहिलं आणि छताचे पोपडे अंथरुणावर पडायला लागले. त्याच सुमारास माझी नोकरी गेली. बियाण्यांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवणशक्ती तपासायचे. कंपनीने तो विभाग दुसऱ्या गावी हलवला. सध्या सकाळी मिस्त्री-बिगाऱ्यांचा चहा आणि दुपारी अर्ज, असा दिनक्रम आहे.

मिस्त्री आले त्या दिवशी त्यांनी लगेच तोडफोड केली नाही. घोडीवर चढून हातोडीच्या टोकाने छत हळूहळू ठोकत गेले. ‘ताई, इथं ऐका,’ म्हणाले. काही ठिकाणी खणखणीत आवाज यायचा, काही ठिकाणी बद्द. जिथे बद्द, तिथे खडूने गोल. मग तेवढाच भाग छन्नीने फोडला. आतली सळई पापुद्रे सुटून निम्मी झाली होती. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून नुसती पुट्टी मारली असती तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत छान दिसलं असतं, एवढंच. आता सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर घातलेल्या मालाने छत भरून काढलंय. गच्चीवर नवा कोबा झालाय. त्यावर आळी करून पाणी भरून ठेवायचं होतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी कुठलं? त्यासाठी टँकर मागवावा लागला.

खर्चाचा प्रश्न आला तेव्हा आधी ‘गळतंय तुमच्या घरात, तुम्ही बघा’ असं ऐकावं लागलं. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेनेच करायची असते. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं, हेही त्यात आहे. सभा बोलावली, उपविधी वाचून दाखवले आणि दुरुस्ती निधीतून पैसे मंजूर झाले. जालन्यात त्या काळातल्या इमारती पुष्कळ आहेत. तुमच्या संस्थेत हे परीक्षण झालंय का, एवढं सचिवांना विचाराच.

आता नोकरीचं. हे शहर काम देणारं म्हणून ओळखलं जातं. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई बनून देशभर जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या कामातून जालन्यात बियाणं जाणणाऱ्या माणसांच्या पिढ्या घडल्या. तरीही बहुतेक जाहिरातींत एक ओळ ठरलेली असते, ‘वय ३५ पर्यंत’. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही १८ ते ३५ वयासाठीच. तरुणांना ती मिळायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण पंचेचाळिशीत काम गेलेल्याने कुठे जायचं?

माझी एक सहकारी अजूनही सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडते, नोकरी गेल्याचं शेजारी कळू नये म्हणून. तिची कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कित्येक वर्षं कापली जात होती. त्या विम्यात २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम गेल्यावर, अटी पूर्ण होत असतील तर, सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळू शकते. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. काम गेल्याचं लपवलं की अशी माहिती देणारी माणसंही दूर राहतात. म्हणून मी उघड सांगते आहे, मी काम शोधते आहे.

आमच्या प्रयोगशाळेत चारशे बिया मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायच्या. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडली की एकेक रोप हातात घेऊन ठरवायचं, हे सामान्य, हे विकृत, हे कठीण बी, हे मेलेलं. मूळ नीट आहे का, दलं शाबूत आहेत का, हे बघणारी नजर वर्षानुवर्षांच्या कामाने तयार होते. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. पण मुदत संपली म्हणून ते फेकून देत नाहीत. नमुना पुन्हा लावून बघतात आणि उगवण प्रमाणात भरली तर आणखी सहा महिन्यांची मुदत मिळते. जुनं बियाणं पिशवीवरची तारीख बघून नाही, उगवून बघून नाकारायचं, हा नियम या धंद्याने स्वतःच पाळलाय.

बियाण्याला जी संधी आहे ती बियाणं तपासणाऱ्या माणसांनाही मिळावी. जालन्यातल्या उद्योजकांना माझी विनंती आहे, जाहिरातीतली वयाची अट काढून टाका. उमेदवाराला एक दिवस कामावर बोलवा, समोर काम ठेवा आणि मग काय तो निर्णय घ्या.