काळजी घेणाऱ्याची काळजी कोण घेणार?

घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की नातेवाईक येतात, रुग्णाची चौकशी करतात, फळे ठेवून जातात. पण रात्रीतून तीनदा उठून त्यांची कूस बदलणाऱ्या सुनेला किंवा मुलीला ‘तुझी झोप होते का?’ असे क्वचितच कोणी विचारते.

ताण कसा ओळखायचा?
सततची चिडचिड, पाठदुखी, स्वतःच्याच गोळ्या विसरणे आणि रुग्णावर ओरडल्यानंतर मनाला लागणारी टोचणी ही त्याची लक्षणे. हा स्वभावाचा दोष नव्हे. हा भार मोजण्यासाठी ‘झारिट’ ही २२ प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते.

घरात काय करता येईल?
‘जरा मदत करा’ म्हणून मदत मिळत नाही. ‘रविवारी दुपारी दोन ते सहा तू थांब’ म्हटले तर मिळते. त्यामुळे कामे कागदावर लिहून वाटून घ्यावीत. परगावच्या भावंडांनी औषधांचा किंवा ब्यूरोच्या मावशींचा खर्च उचलावा. रोजचा अर्धा तास फिरणे औषधाच्या वेळेइतके पक्के ठरवावे. सवड मिळेल तेव्हा जाऊ म्हटले की ते राहूनच जाते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने तोच प्रश्न दहादा विचारला, तर वाद न घालता विषय बदलावा. त्याने दोघांचाही त्रास वाचतो.

मदत कुठे मिळेल?
मन मोकळे करण्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ आणि ज्येष्ठांविषयीच्या माहितीसाठी ‘एल्डरलाइन’चा १४५६७ हे क्रमांक निःशुल्क आहेत.

सरकारची जबाबदारी काय?
२००७च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. सत्तरीपुढील नागरिकांना ‘आयुष्मान भारत’मधून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. मात्र, डिस्चार्ज मिळाल्यावर सुरू होणारी महिनोन्‌महिन्यांची शुश्रूषा घरच्यांनीच निभवायची असते. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून अशा नोकरदारांना वर्षाला आठवडाभराच्या बिनपगारी रजेचा हक्क दिला. आपल्याकडे खासगी नोकरीत असा कायदेशीर हक्क नाही. अशी रजा आणि वॉर्डावॉर्डात ज्येष्ठांसाठी दिवसभराची देखभाल केंद्रे, एवढी सुरुवात तरी व्हायला हवी. सेवेला पुण्य म्हणणे सोपे आहे. पण सेवा करणाराच आजारी पडला, तर एका घरात दोन रुग्ण होतात.