पिलांची ऊब आणि आगीचे भय

कोल्हापूर जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत कोंबडीच्या पिलांना विजेच्या दिव्याची ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावयाची असते. खाली भाताच्या कोरड्या तुसाची गादी आणि वर तापलेला दिवा, अशी ही मांडणी असते. दिवा निखळून तुसात पडला तर एका रात्रीत पिले व शेड दोन्हींची राख होते. तरीही अनेक ठिकाणी दिवा नुसत्या वायरीवर लोंबकळत असतो. ही काटकसर महाग पडते.

गारठा वाढला की दिवा आणखी खाली घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. तुसापासून किमान दीड फूट अंतर राखावे, दिवा लोखंडी साखळीने टांगावा व त्यास जाळी बसवावी. ऊब पुरेशी आहे की नाही हे पिलेच सांगतात. ती दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर ऊब कमी. दूर पळून धापा टाकू लागली तर अधिक. सर्वत्र पसरून चरू लागली तर योग्य समजावी.

दुसरा दिवा घेण्यापूर्वी पहिल्यास साखळी घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यानेही शेडमध्ये शिरताच पिले मोजण्याआधी मान वर करून दिवा कशास टांगला आहे हे पाहावे.