सहकुटुंब म्हंजे कुणाचं कुटुंब?



'एलिझाबेथ एकादशी' आमच्या घरानं टीव्हीवर तीनदा पाहिला. पोरं हसली, बायकोनं डोळे पुसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? परेश मोकाशींचा २०१४ चा सिनेमा. पंढरपूर, कार्तिकीची यात्रा. आईचं स्वेटर विणायचं मशीन बँकेनं उचलून नेलेलं. ते सोडवायला पोरं आईच्या चोरून बांगड्यांचं दुकान मांडतात. गरिबी खरी, पोरं गोड. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मिळो बापडा.

माझी तक्रार देवळाची आहे. पडद्यावरचं देऊळ कसं, तर आईच्या मांडीसारखं. सगळ्यांचं. पण त्याच देवळाच्या महाद्वारी, पायरीच्या अलीकडं, चोखोबाची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून मेलेला माणूस. मेल्यावरही बाहेरच! पुढं सहाशे वर्षं त्याची जात बाहेरच राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राण पणाला लावून उपोषणाला बसले, तेव्हा कुठं ते दार उघडलं. माझी आजी त्याआधीची. पोरवयात आईचं बोट धरून वारीला जायची. लांबून कळस बघायची, हात जोडायची नि माघारी फिरायची. हेही पंढरपुरातलंच बालपण. ते कुठल्या सहकुटुंब सिनेमात बसतं?

पण आज मला मोकाशींशी भांडायचं नाही. त्यांनी त्यांचं अंगण दाखवलं. भांडण आपल्याशी आहे.

त्याच २०१४ साली नागराज मंजुळेंचा 'फँड्री' थेटरात लागला. गावच्या जत्रेला डुकरांचा विटाळ नको, म्हणून जब्याच्या घरानं डुक्कर धरायचं. शाळेतली पोरं बघतायत, हसतायत. मग मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते घर शाळेच्या भिंतीवरून जातं आणि भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र. मी थेटरात खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

घरी येऊन म्हटलं, पोरांना दाखवू. आमचे थोरले बंधू, जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं चालणारे, म्हणाले, "येडा का खुळा तू? डुकरं, शिव्या... ह्यो काय फ्यामिलीसंगं बघायचा पिच्चर हाय?" दुसरा एक कार्यकर्ता म्हणाला, "जब्या कैकाड्याचा. आपला न्हाई." ऐकलंत? चोखोबाच्या पायरीवर उभं राहून आपणच दुसऱ्याला पायरी दाखवतोय!

काळाराम मंदिरासाठी १९३० पासून पाच वर्षं लढून बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात त्या धर्मालाच पाठ दाखवायची घोषणा केली. आपण देऊळ सोडलं. पण देवळातली लाज अजून घरात आहे. आपलं बालपण घाण, त्यांचं तेवढं गोड, हे आपल्याला कुणी शिकवलं? आणि आपण ते पोरांना का शिकवतोय?

तेव्हा दोस्तहो, येत्या १४ एप्रिलला डीजेचे पैसे वाचवा. विहाराच्या भिंतीवर पांढरं कापड लावा, 'फँड्री' दाखवा. पोरं पुढं, आज्या त्यांच्या मागं. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो नेमका बघणाऱ्याच्या दिशेनं येतो. पोरं विचारतील, "आज्जे, तुझ्या टायमाला कसं व्हतं?" तेव्हा कुणी तिला गप्प करू नका. ती सांगंल ते उतरून घ्या.

ते आपलं सहकुटुंब.

जयभीम.