मुक्त विश्वातील कथा आणि क्रीडा

मुक्त विश्वाच्या अद्भुतरम्य व्हिडिओ खेळांत कथा आणि क्रीडा यांचा मेळ सहसा बसत नाही. ‘द विचर ३’मध्ये (२०१५) सिरीच्या शोधाची निकड कथा सांगते, खेळाडू मात्र गुत्त्यात पत्त्यांचा डाव मांडून बसतो. पुण्यात घडलेल्या ‘राजी’त (२०२०) धाकट्या भावाचा शोध आखीव वाटेने चालतो, तेथे कथा सलग राहते, पण भटकंती उरत नाही. कीर्तनकारही आख्यान थांबवून दृष्टांत देतो. परंतु केव्हा परतायचे, हे तोच ठरवतो. मुक्त विश्वात तो अधिकार खेळाडूचा असतो. म्हणून त्याने केलेल्या विलंबाचे परिणाम कथेतच उमटले पाहिजेत, असे आमचे मत आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील आमचे विद्यार्थीही असे खेळ खेळतात. आपल्या कथनमीमांसेने या प्रश्नाकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.