अवतरणचिन्हातले चाळीस रुपये

‘लॉग टाक आणि बघ.’ आमच्या धंद्यातला हा सगळ्यात आळशी सल्ला आहे, आणि तो देणारे बहुतेकदा सीनिअर असतात.

पहिल्या नोकरीत मी तो तीन रात्री इमानदारीत पाळला. आमचं नोडचं अ‍ॅप डॉकर कंटेनरमध्ये चालायचं. मधूनच एखादं ५४० रुपयांचं बिल ५००४० चं निघायचं. लॉग टाकायचा, इमेज पुन्हा बिल्ड करायची, चहा घ्यायचा, मग पुन्हा तेच. लॉग सांगायचा: किंमत ५००, डिलिव्हरी ४०. सगळं बरोबर! चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये चारचौघांत शेरा मिळाला, ‘बेसिक कच्चं आहे.’ होतंच. पण डीबगर कसा जोडायचा हे तरी कुणी शिकवलं होतं?

शेवटी शेजारच्या टीममधल्या मैत्रिणीने दहा मिनिटांत शिकवलं. नोडला ‘इन्स्पेक्ट’ पर्याय दिला की डीबगर ९२२९ पोर्टवर ऐकतो, पण फक्त १२७.०.०.१ वर. कंटेनरच्या आत हा पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःच, तुमचा लॅपटॉप नव्हे. म्हणून नुसता पोर्ट उघडून व्हीएस कोड जोडला जात नाही. आत पत्ता ०.०.०.० द्यायचा आणि पोर्ट लॅपटॉपच्या १२७.०.०.१ पुरताच उघडायचा. मग लॉन्च फाइलमध्ये ‘अटॅच’ लिहायचं आणि माझं कुठलं फोल्डर म्हणजे कंटेनरमधलं कुठलं, हे सांगायचं. नाहीतर ब्रेकपॉइंट नुसता शोभेला.

कोड थांबला. मी व्हेरिएबलवर माउस नेला. ४० अवतरणचिन्हांत होते. आकडा नव्हताच तो, मजकूर होता. जावास्क्रिप्टने बेरीज न करता ५०० ला चिकटवून टाकला होता. माझ्या लॉगमध्ये ती चिन्हं कधी दिसलीच नसती.

म्हणूनच माझं भांडण आहे. लॉग तुम्ही विचारलं तेवढंच सांगतो. नवशिक्याला नेमकं काय विचारायचं हेच ठाऊक नसतं.

‘हा पोर्ट धोकादायक आहे,’ म्हणतात. आहेच. तिथे पोचलेला माणूस हवा तो कोड चालवू शकतो, म्हणून प्रॉडक्शनमध्ये तो उघडायचा नाही. तिथे लॉगच हवेत. पण स्वतःच्या लॅपटॉपवर? हात भाजतो म्हणून पोराला गॅस पेटवायलाच शिकवायचं नाही, आणि वर चहा येत नाही म्हणून त्याला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

पोरांच्या रात्री फुकटच्या नसतात. दहा मिनिटं द्या, मग शेरे मारा.