कंपनी काय बोलते ते सोडा, मेनूत काय बदलतं ते बघा

नगरच्या केडगावातल्या मॅकडोनाल्ड्सचं प्रकरण आठवतंय? ऑक्टोबर 2023 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथे तपासणी केली. काही पदार्थांत चीजच्या नावाखाली वनस्पती तेलाचं 'चीज अ‍ॅनालॉग' वापरलं जातंय, असा ठपका ठेवला. कंपनीने आरोप फेटाळला, आम्ही खरंच चीज वापरतो म्हणाली. नंतर एफएसएसएआयनेही तसा निर्वाळा दिल्याचं तिने जाहीर केलं.

ठीक आहे, मान्य. पण मधल्या काळात काही पदार्थांच्या नावातून 'चीज' हा शब्द काढला गेला होता. चीज खरं होतं, तर नाव का बदललं?

ही पद्धत जुनी आहे. 1990 मध्ये याच कंपनीने लंडनमध्ये पत्रकं वाटणाऱ्या हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस या दोघांवर बदनामीचा खटला भरला. दोघांकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, आपली बाजू स्वतःच मांडली. 1997 मध्ये निकाल लागला. पत्रकातले बरेच आरोप सिद्ध झाले नाहीत, नुकसानभरपाई द्यायचा आदेशही झाला. पण जाहिराती मुलांचा गैरफायदा घेतात, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पत्रक किती जणांनी वाचलं असतं? खटल्यामुळे ते जगभर पोचलं!

मग कंपन्या शहाण्या झाल्या. 2004 मध्ये 'सुपर साइझ मी' हा माहितीपट आला. त्याच वर्षी मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत 'सुपर साइझ' बंद करायचं ठरवलं, आणि या निर्णयाचा माहितीपटाशी काही संबंध नाही, असंही सांगितलं.

म्हणजे आधी नाकारायचं, जमलं तर कोर्टाची भीती घालायची, आणि शेवटी गुपचूप बदल करायचा. टीका करणारा खरा होता, एवढं मात्र कधीच म्हणायचं नाही. कारण ते म्हटलं की पुढच्या टीकाकाराला बळ येतं.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, 'मग वडापाव काय पौष्टिक आहे का?' नाही हो, नाही. पण आमच्या कोपऱ्यावरचा वडापाववाला पोषणाच्या जाहिराती करत नाही, आणि तेल कळकट म्हटलं म्हणून नोटीसही पाठवत नाही. फार तर चार शब्द ऐकवतो.

मी बर्गरवर बंदी मागत नाहीये. माझ्याही घरी पोरं हट्ट करतात, कधीमधी घेऊन जातो. पण एक हक्क आपल्याकडे आहे आणि तो आपण वापरत नाही. ज्या साखळी हॉटेलांच्या 10 किंवा त्याहून जास्त शाखा आहेत, त्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिणं एफएसएसएआयच्या नियमानुसार बंधनकारक आहे. पुढच्या वेळी काउंटरवर तो आकडा शोधा. दिसला नाही तर विचारा, फोटो काढा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर आरडाओरडा आणि रविवारी परत रांगेत, हे कंपन्यांना पाठ झालंय. ते आपल्या रागाला घाबरत नाहीत, कारण राग विसरला जातो. लेखी तक्रारीला मात्र उत्तर द्यावं लागतं.