दुर्मिळ आणि दुर्बोध

दुर्बोध चित्रपटांचा संग्रह करणारी मंडळी संख्येने थोडी, निष्ठेने मात्र कडवी. त्यांच्याविषयी बोलताना आपण ‘दुर्मिळ’ आणि ‘दुर्बोध’ ह्या दोन विशेषणांची सर्रास गल्लत करतो. जे मिळत नाही म्हणून हवेसे वाटते ते वेगळे. आणि जे कळत नाही म्हणून पुन्हा पाहावेसे वाटते ते वेगळे.

कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८चा. चित्रपटगृहांत तो लागला थेट २०१४ साली. मधली पंचवीस वर्षे तो हातोहात फिरणाऱ्या नकलांवर जगला. अजमेरचा एक मुलगा, ज्योतिषी झालेले वडील, हिरे गिळणारे बेडूक. कथानक सांगू जावे तर हाती काही उरत नाही. अशा कृतीचा चाहता केवळ मिरवण्यासाठी कॅसेट जपतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. दुर्बोध कविता पुन्हा वाचायला पुस्तक उघडले की झाले. मर्ढेकरांवरील दुर्बोधतेचा आक्षेप पुनर्वाचनानेच तर सैल झाला. चित्रपट एका खेळानंतर निघून जाई. कुळगावहून एखाद्या फिल्म सोसायटीचा खेळ पाहायला मुंबई गाठायची, आणि शेवटचा प्रसंग घड्याळाकडे, म्हणजे परतीच्या कर्जत लोकलकडे, लक्ष ठेवून पाहायचा! त्या काळी प्रत बाळगणे हाच पुनर्वाचनाचा एकमेव मार्ग होता.

तरीही संग्राहकाची एक खोड मला खटकते. कृती सर्वांना उपलब्ध झाली की त्याचा उत्साह मावळतो. मग तो नेमका कशावर लुब्ध होता?

‘घाशीराम कोतवाल’चेच पाहा. तेंडुलकरांचे १९७२चे नाटक आपण वर्गात हिरिरीने शिकवतो. ‘युक्त’ ह्या सहकारी संस्थेने १९७६ साली केलेला चित्रपट मात्र बहुतेकांना ओम पुरींचे पदार्पण म्हणून, फार तर मणी कौल यांच्या नावामुळे, ठाऊक असतो. पटकथाही तेंडुलकरांचीच, पण रंगमंचीय प्रयोगाचे हे चित्रमुद्रण नव्हे. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत. मराठी संहितेची ही दुसरी मांडणी जर्मनांनी सांभाळावी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी ती न पाहताच ‘अनाकलनीय’ ठरवावी, हे कोणत्या समीक्षाव्यवहारात बसते? एम.ए.च्या वर्गात नाटकाची संहिता समोर ठेवून हा चित्रपट दोनदा दाखवावा. पहिल्यांदा विद्यार्थी कंटाळतील. दुसऱ्यांदा काय विचारतात ते ऐकण्यासारखे असेल.